‘क्वॅश’ झाली म्हणजे नेमके काय झाले?

बीडच्या कोर्टासमोरच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर तासभर बसा. एक इंग्रजी शब्द हमखास कानावर पडेल. तो शब्द म्हणजे ‘क्वॅश’. ‘काळजी करू नका, हायकोर्टातून क्वॅश करून आणतो.’ ‘क्वॅशला टाकलीय, पुढच्या महिन्यात बोर्डावर येईल.’ ‘अॅट्रॉसिटी होती ना? झाली क्वॅश!’ हा शब्द आता वकिलांचा राहिलेला नाही. तो पोलीस ठाण्याच्या पायरीवर आहे, तहसीलच्या आवारात आहे, गावातल्या पुढाऱ्याच्या ओट्यावर आहे. दोन इयत्ता शिकलेला माणूसही तो बिनचूक उच्चारतो. पण त्याचा अर्थ विचारला, तर दहा माणसे दहा उत्तरे देतात.

अशाच एका टपरीवर केज तालुक्यातल्या एका वस्तीवरची आजी भेटली. तिने मला विचारले, “सायब, केस क्वॅश झाली म्हणतेत. मग त्यांनी मला शिव्या दिल्याच न्हाईत, असं झालं का?” बाजूला उभ्या असलेल्या तिच्या नातवाने मान खाली घातली. तो पदवीधर होता, पण आजीला काय सांगावे हे त्याला कळेना. खरे सांगायचे तर मलाही लगेच उत्तर देता आले नाही. आजचा लेख त्या आजीच्या प्रश्नासाठी आहे.

इंग्रजीत ‘क्वॅश’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत आणि गंमत म्हणजे ते दोन वेगळ्या मुळांतून आलेले आहेत. लॅटिनमध्ये ‘कासुस’ म्हणजे पोकळ, रिकामे. त्यापासून ‘कासारे’, म्हणजे पोकळ ठरवणे, निरर्थक करणे. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नावातला ‘कासासियों’ हा शब्द याच कुळातला आहे. लॅटिनमध्येच दुसरे एक क्रियापद आहे, ‘क्वासारे’, म्हणजे हादरवणे, फोडणे, चुरडणे. फळे चुरडून केलेल्या सरबताच्या बाटलीवर आपण ‘स्क्वॅश’ वाचतो, तो या दुसऱ्या घराण्यातला शब्द आहे. फ्रेंचमधून इंग्रजीत येता येता या दोन्ही शब्दांचे उच्चार एक झाले. म्हणून इंग्रजी वर्तमानपत्र बंड ‘क्वॅश’ झाले असे लिहिते, तेव्हा अर्थ असतो चिरडले. आणि कोर्ट एफआयआर ‘क्वॅश’ करते, तेव्हा अर्थ असतो की हा कागद कायद्याच्या दृष्टीने पोकळ होता, म्हणून तो रद्द.

कायद्याला अभिप्रेत आहे तो पहिला अर्थ. आपल्या वस्तीवर अनुभवाला येतो तो बहुतेक वेळा दुसरा. सगळा घोटाळा इथे आहे.

आपल्या भाषेने मात्र या शब्दाला चांगले उत्तर दिले होते. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कोर्टकचेरीची भाषा उर्दू होती. फिर्याद, मुद्देमाल, वकीलपत्र, तारीख, जामीन हे शब्द आजही आपल्या तोंडात आहेत. त्याच कुळातला जोडशब्द म्हणजे ‘रद्दबातल’. ‘रद्द’ म्हणजे परत फिरवलेले, नाकारलेले. ‘बातल’ म्हणजे निरर्थक, खोटे ठरलेले. कोर्टाने जे करायचे असते ते या एका शब्दात बरोबर बसते. हिंदीतल्या कायद्याच्या पुस्तकांनी ‘अभिखंडित’ हा शब्द घेतला. त्यात खंडित करणे आले, फोडणे आले. मराठीने पोकळपणा पाहिला, हिंदीने मोडतोड पाहिली.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. तो म्हणजे ‘राजीनामा’. आज आपण नोकरी सोडण्याच्या कागदाला राजीनामा म्हणतो. जुन्या फारसी कचेरीत राजीनामा म्हणजे दोन्ही बाजू ‘राजी’ असल्याचा कागद, म्हणजेच तडजोडपत्र. आजही उत्तरेकडच्या कोर्टांत तो याच अर्थाने चालतो. प्रश्न एवढाच असतो की, कागदावर राजी म्हणून अंगठा उठवणारा माणूस मनातून खरोखर राजी होता का?

आता पहिला गोंधळ दूर करू. गावात ‘केस मिटली’ या दोन शब्दांत पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. पोलीस तपास करून तक्रार हेतुपुरस्सर खोटी असल्याचा अहवाल देतात, त्याला ‘ब समरी’ म्हणतात. आरोप ठेवण्याइतकाही आधार नाही म्हणून खालचे कोर्ट आरोपीला सोडते, तो ‘डिस्चार्ज’. पुरावा नोंदवून झाल्यावर गुन्हा सिद्ध झाला नाही म्हणून सोडते, ती निर्दोष मुक्तता. सरकारी वकील कोर्टाच्या परवानगीने खटला चालवण्याचे थांबवतो, ते खटला ‘मागे घेणे’. फिर्यादी आणि आरोपी कायद्याने परवानगी दिलेल्या गुन्ह्यात आपसात मिटवतात, ती तडजोड. आणि उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात एफआयआर किंवा खटला मुळातूनच रद्द करते, ते ‘क्वॅश’. हा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहे.

यातली एक गोष्ट प्रत्येक वस्तीवर सांगण्यासारखी आहे. अॅट्रॉसिटीच्या फिर्यादीला ‘केस मागे घे’ असे सरपंच सांगतो, पोलीस पाटील सांगतो, कधी आपलाच मामा-काका सांगतो. पण फिर्यादीला केस मागे घेण्याचा अधिकारच नाही! गुन्हा व्यक्तीविरुद्ध घडला तरी खटला सरकार चालवते. आणि अॅट्रॉसिटी कायद्याखालचे गुन्हे आपसात मिटवण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत बसत नाहीत. म्हणजे दबाव आणणारा माणूस फिर्यादीकडे अशी वस्तू मागत असतो, जी फिर्यादीच्या खिशात नाही. मग त्याला प्रत्यक्षात हवे तरी काय असते? एक तर साक्षीच्या दिवशी फिर्यादीने फिरावे, किंवा हायकोर्टात ‘माझी हरकत नाही’ असे प्रतिज्ञापत्र द्यावे. ‘मागे घे’ या साध्या मराठी शब्दांच्या पोटात हे दोन अर्थ दडलेले असतात.

खटले मागे घेण्याचा अधिकार ज्या सरकारला आहे, त्या सरकारने मराठवाड्यात तो कसा वापरला हे जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. १९९५ साली शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. त्या सरकारने मराठवाड्यात अॅट्रॉसिटी कायद्याखाली नोंदलेले अकराशेहून अधिक खटले मागे घेण्याचा निर्णय केला. कारण दिले की हे गुन्हे खोटे आहेत, आकसाने नोंदले आहेत. साक्ष झाली नाही, उलटतपासणी झाली नाही, तरी खोटेपणाचा शिक्का बसला. नामविस्तार होऊन पुरते दोन वर्षेही झाली नव्हती! नव्या संहितेच्या कलम ३६० मध्ये एक सुधारणा झाली आहे. पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोर्टाने खटला मागे घ्यायला परवानगी देऊ नये, असे तिथे आता लिहिलेले आहे. १९९५ ला हे वाक्य कायद्यात नव्हते.

आता ‘क्वॅश’कडे वळू. हायकोर्टाने हा अधिकार कधी वापरावा? १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने ‘हरियाणा राज्य विरुद्ध भजनलाल’ या निकालात सात प्रकार सांगितले. एफआयआरमधला मजकूर जसाच्या तसा खरा धरला, तरी त्यातून गुन्हा होतच नसेल तर. कायद्यानेच कारवाईला मनाई असेल तर. सूडबुद्धीने, आकसाने कारवाई झाल्याचे उघड दिसत असेल तर. आणि अशाच प्रकारची इतर कारणे. त्याच वेळी कोर्टाने बजावले की हा अधिकार अगदी जपून, विरळात विरळ प्रकरणी वापरायचा आहे. फिर्याद विश्वासार्ह आहे की नाही याची चौकशी या टप्प्यावर करायची नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्या. बहुतेक प्रकारांत कोर्ट असे म्हणतच नाही की फिर्यादी खोटे बोलला. कोर्ट म्हणते, तू म्हणतोस ते खरे धरले तरी या कलमात ते बसत नाही. उदाहरण घेऊ. सार्वजनिक दृष्टीच्या टप्प्यात जातीवरून अपमान करणे हा अॅट्रॉसिटी कायद्याचा गुन्हा आहे. पूर्वी तो कलम ३(१)(१०) मध्ये होता. २०१५ च्या दुरुस्तीनंतर अपमान आणि जातिवाचक शिवीगाळ यांची वेगवेगळी पोटकलमे झाली. २०२० साली ‘हितेश वर्मा विरुद्ध उत्तराखंड’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेली शिवीगाळ या कलमात बसत नाही. तेवढ्यापुरते दोषारोपपत्र क्वॅश झाले. निकाल पटो न पटो, त्यातून धडा घ्यावाच लागेल. शिवी कुठे दिली, नेमके कोणते शब्द वापरले, तिथे कोण कोण उभे होते, आरोपीची जात कोणती आणि फिर्यादीची कोणती, हे पहिल्याच दिवशी एफआयआरमध्ये आले पाहिजे. ठाण्यातला हवालदार ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढ्या तीन शब्दांत गुंडाळतो आणि आपण वाचून न पाहता सही करतो. त्या तीन शब्दांतली पोकळी पुढे दोन वर्षांनी हायकोर्टात दिसते. आरोपीचा वकील तिच्यावरच बोट ठेवतो.

एका क्वॅश अर्जातून सबंध देशाचा कायदा कसा हलला, हेही आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे. कराडच्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातील एका भांडारपालाच्या गोपनीय अहवालात त्याच्या विरोधात शेरे लिहिले गेले. त्याने तक्रार केली. संबंधितांवर खटला भरण्याची परवानगी तंत्रशिक्षण संचालक सुभाष महाजन यांनी नाकारली, म्हणून त्यांच्यावरही गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो क्वॅश करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी क्वॅश केला. एवढ्यावर थांबले असते तर एका माणसाचा प्रश्न होता. पण कोर्टाने पुढे जाऊन सांगितले की यापुढे गुन्हा नोंदण्याआधी प्राथमिक चौकशी होऊ शकेल आणि अटकेआधी वरिष्ठांची लेखी परवानगी लागेल. मागणी होती एक एफआयआर रद्द करण्याची. प्रत्यक्षात कायद्याचाच कणा वाकवला गेला.

त्याविरुद्ध २ एप्रिल २०१८ रोजी भारत बंद झाला. त्यात अनेकांचे जीव गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कलम १८-अ घालून चौकशीची आणि परवानगीची अट काढून टाकली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विलोकनात आपलेच ते निर्देश मागे घेतले. १० फेब्रुवारी २०२० रोजी दुरुस्ती वैध ठरवली. ज्यांना वाटते की रस्त्यावर उतरून काही होत नाही, त्यांनी ही पाच वाक्ये पुन्हा वाचावीत.

मग तडजोडीच्या ‘क्वॅश’चे काय? २०१२ च्या ‘ग्यानसिंग’ निकालाने सांगितले की खासगी स्वरूपाच्या वादात दोन्ही बाजूंनी समेट केला, तर हायकोर्ट खटला रद्द करू शकते. खून, बलात्कार अशा गंभीर गुन्ह्यांत नाही. अॅट्रॉसिटीबद्दल २०२१ च्या ‘रामावतार’ निकालाने वाट उघडली. ते प्रकरण एकाच गावातल्या लोकांच्या जमिनीच्या वादाचे होते. कोर्ट म्हणाले की वाद मुख्यत्वे खासगी किंवा दिवाणी असेल, जातीमुळे गुन्हा घडलेला नसेल, तर खटला रद्द करता येईल. मात्र हा दुर्बलांच्या रक्षणाचा कायदा आहे, त्यामुळे कोर्टाने अधिक सावध राहावे आणि समेट दबावाखाली झालेला नाही याची खात्री करावी, असेही सांगितले.

दबाव नाही! हे दोन शब्द दिल्लीत लिहिणे सोपे आहे. बीड जिल्ह्यात ते कसे तपासणार?

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची, घराला कुलूप लावायचे, नवरा-बायकोने एक कोयता म्हणून पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात फडावर जायचे. मार्च-एप्रिलला परत यायचे. आता कल्पना करा. अशा कुटुंबाने अॅट्रॉसिटी नोंदवली आहे. हायकोर्टात क्वॅशचा अर्ज पडला. ज्याने मार खाल्ला, तो हायकोर्टाच्या कागदावर ‘प्रतिवादी क्रमांक २’ होतो. त्याच्या नावची नोटीस गावात येते, तेव्हा दाराला कुलूप असते. तो फडावर कोपीत असतो. औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ बीडपासून सव्वाशे-तीस किलोमीटरवर आहे, आणि फड त्याहून कितीतरी लांब. तारखेला जायचे तर खाडा पडतो आणि उचल अंगावर राहते. दुसरीकडे आरोपीचा पाहुणा मुकादम असतो, नाही तर मुकादमाचा पाहुणा आरोपी असतो. गावातले दुकान त्यांचे, विहीर त्यांची, शेताकडे जाणारी वाट त्यांच्या बांधावरून. त्यातून ‘तुमच्यावर दरोड्याचा उलटा गुन्हा टाकतो’ ही धमकी. अशा वेळी एक गाडी दारात येते, मान खाली घालून माणूस गाडीत बसतो आणि औरंगाबादला जाऊन ‘मी राजीखुशीने’ असे प्रतिज्ञापत्र करतो. कोर्टापुढे कागद येतो तो ‘राजी’चा. त्यामागची गाडी कोर्टाला दिसत नाही.

त्यानंतर गावात बोंब होते, ‘बघा, खोटी केस होती, हायकोर्टाने क्वॅश केली!’ समेटावर झालेले क्वॅश खोटेपणाचा पुरावा म्हणून मिरवले जाते. वर्षाअखेरीस हेच आकडे घेऊन कायद्याच्या गैरवापराची भाषणे होतात. पोकळ ठरवणे आणि चिरडणे हे क्रियापदाचे दोन अर्थ इथे एक होऊन जातात.

पण वाचकहो, हे क्रियापद फक्त आपल्याविरुद्ध चालते असे मानणे चूक आहे. अन्यायी आदेश रद्द करणे हे वरच्या कोर्टाचे कामच आहे. राज्यघटनेत रिट अधिकारांची यादी आहे. त्यातल्या ‘प्राकर्षण’ या अवघड नावाच्या आदेशाचे कामच मुळी खालच्या अधिकाऱ्याचा बेकायदा निर्णय रद्दबातल करणे हे आहे. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याच्या कलमाला बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले, ते याच ताकदीमुळे. कार्यकर्त्यावर तडीपारीचा आदेश निघतो, दलित सरपंचाला चुकीच्या पद्धतीने अपात्र केले जाते, जातपडताळणी समिती कागद न पाहता दावा फेटाळते, किंवा अॅट्रॉसिटी नोंदवली म्हणून फिर्यादीवरच उलटा गुन्हा पडतो. अशा प्रत्येक वेळी ‘क्वॅश’ हे आपलेही हत्यार आहे. ते दर वेळी हाती येतेच असे नाही. आनंद तेलतुंबडे यांची गुन्हा रद्द करण्याची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये फेटाळली. पुढे त्यांना तुरुंगात राहावे लागले, जामीन मिळाला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये. एकच क्रियापद कोणासाठी चटकन चालते आणि कोणासाठी अडते, हेही आपण मोजत राहिले पाहिजे.

याच बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियान उभे केले. गायरान जमिनीचे आणि अत्याचाराचे प्रश्न त्यांनी गावोगाव जाऊन लढवले. २०१५ मध्ये ते गेले. त्या पिढीचे कार्यकर्ते गुन्हा नोंदवून घरी जात नसत, ते फिर्यादीच्या मागे उभे राहत. आज मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, फोटो छापून येतात. पण तारखेच्या दिवशी फिर्यादीबरोबर एसटीत बसून औरंगाबादला जाणारा माणूस शोधावा लागतो. मोर्चाला गर्दी असते आणि प्रतिवादी क्रमांक २ एकटा असतो.

म्हणून शिकलेल्या तरुणांसाठी चार गोष्टी. पहिली, अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले. कोर्टातल्या प्रत्येक कामकाजाची वेळेवर सूचना मिळण्याचा आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क पीडिताला आहे. ही सूचना बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ‘हरिराम भांभी’ निकालात स्पष्ट केले. दुसरी, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तो बीडला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून आणि खंडपीठात तिथल्या विधी सेवा समितीतून मागता येतो. तिसरी, फडावर जाणाऱ्या फिर्यादीने जाण्याआधी आपला मोबाइल नंबर आणि फडाचा पत्ता पोलीस ठाण्यात व सरकारी वकिलाकडे लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. चौथी, प्रतिज्ञापत्रावर सही करण्याआधी ते मोठ्याने वाचून घ्यावे. दबाव असेल तर ते न्यायमूर्तींसमोर तोंडाने सांगता येते. त्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही.

आता आजीच्या प्रश्नाचे उत्तर. आजी, केस क्वॅश झाली म्हणजे कोर्टातला एक कागद रद्द झाला. तो कायद्यात बसला नाही म्हणून रद्द झाला असेल, किंवा कोणी तुमच्याकडून ‘राजी’ लिहून घेतले म्हणून. तुम्हाला शिव्या दिल्या गेल्या नाहीत, असे त्या आदेशाने ठरत नाही. तुमच्या नातवाला तो आदेश आणायला सांगा, शेवटचे पान वाचायला सांगा. कारण कोणते लिहिले आहे ते बघा. समेट लिहिला असेल आणि तो तुम्ही केलाच नसेल, तर त्यावर पुढे दाद मागता येते. तिथून तुमचा नातू वकिलाशी नीट बोलू शकेल. आणि गावात कोणी ‘खोटी केस’ म्हणाला, तर त्याच्यासमोर तेच पान धरा.